मध्यस्थीची प्रार्थना

नगरच्या ख्रिस्ती घरात एखादा फौजी असणं ही काही मुद्दाम सांगण्याची गोष्ट नाही. गावाच्या एका अंगाला अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या शाळा आणि ह्यूम मेमोरियल चर्च, दुसऱ्या अंगाला कॅम्प, रणगाडेवाल्यांचं प्रशिक्षण केंद्र आणि सरावाच्या दिवसांत के. के. रेंजकडून ऐकू येणारे धमाके. मिशन आलं १८३१ साली; इंग्रजांची फौज त्याच्या आधीपासून होती. उपासनेला एकाच बाकावर शाळामास्तर आणि सुट्टीवर आलेला हवालदार शेजारी शेजारी बसलेले मी लहानपणापासून पाहत आले. आमच्या घरात तर दोन्ही होतं. बाबा मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये होते. आणि दादा बारावीनंतर नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला गेला तो तोफखान्याचाच झाला.

ख्रिस्ती माणसाने लढाईला पाठिंबा द्यावा का, हा प्रश्न घरात कधी निघाला नाही. शब्बाथ शाळेत डोंगरावरचं प्रवचन पाठ करायचं, आणि प्रजासत्ताक दिनाला टीव्हीसमोर बसून दादाच्या तोफा कधी येतात याची वाट पाहायची. या दोन्हींचा एकमेकींशी काही झगडा असेल असं वाटायला कारणच पडलं नव्हतं. ते पडलं १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईच्या वेळी.

मे महिना संपता संपता वहिनीला दादाचा फोन आला. "वर चाललोय," एवढंच बोलला. जागेचं नाव सांगायचं नसतं हे तिलाही ठाऊक होतं. पत्राचा पत्ता नेहमीचाच, फौजी टपालाचा ५६ एपीओ. विमानांचे हल्ले सुरू झाल्याचं बातम्यांत आलं, मग द्रास, बटालिक, तोलोलिंग ही नावं रोज कानावर पडू लागली. आईला तोलोलिंग म्हणता यायचं नाही. ती "तो डोंगर" म्हणायची. "त्या डोंगराचं काय झालं गं?" असं विचारत ती रात्रीच्या बातम्यांना स्वयंपाकघरातून बाहेर यायची, आणि शवपेट्या दाखवायला लागले की लगेच आत जायची.

त्या वर्षी आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मनावर आणखी एक दडपण होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. आदल्या नाताळात गुजरातेत डांग जिल्ह्यात प्रार्थनाघरं जाळली गेली होती. जानेवारीत ओरिसातल्या मनोहरपूर गावी, कुष्ठरोग्यांमध्ये काम करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. पेपरांत धर्मांतरावर चर्चा चालली होती. तुम्ही नक्की कुणाचे, असं तोंडावर कुणी विचारत नव्हतं, पण प्रश्न हवेत होता. मी शिकवत होते त्या शाळेत एका सहकाऱ्याने मला अगदी निरागसपणे विचारलं, "तुमचे पोप काय म्हणतात हो कारगिलबद्दल?" आम्ही प्रोटेस्टंट, पोपचं आमच्यावर काही चालत नाही, हे मी त्यांना त्याआधीही कितीदा तरी सांगितलं होतं. दादा तिथेच आहे हे मात्र मी तेव्हा सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज जरा चढला. पुढे दोन दिवस तो चढलेला आवाज मलाच खटकत राहिला. भावाची काळजी वेगळी आणि भावाचा दाखला पुढे करणं वेगळं.

आमच्या मंडळीतही त्या दिवसांत जो उत्साह आला त्यात देशप्रेम होतंच, शिवाय एक सुटकाही होती. आता दाखवून देता येईल, असं काहीतरी. तरुण संघाने चर्चच्या फळ्यावर नावं लिहिली. १९६५ मध्ये सेबर विमानं पाडणारे कीलर बंधू. १९७१ च्या लढाईत गंगासागरला पडलेले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले लान्स नायक अल्बर्ट एक्का. जुलैमध्ये त्यात नागालँडच्या कॅप्टन केंगुरुसे यांची भर पडली. थंडीत बूट काढून, अनवाणी पायांनी निसरडा कडा चढून गेलेला चोवीस वर्षांचा मुलगा. नावं सगळी खरी आणि मोठीच. पण फळ्यासमोर उभी राहून वाचताना मला वाटायचं, हा फळा आपण नक्की कुणासाठी लिहिलाय? मंडळीतल्या सगळ्यांना ही नावं माहीत होती. रस्त्यावरून जाणाऱ्यांना तो दिसावा म्हणून फळा व्हरांड्यातून फाटकाजवळ आणून ठेवला होता.

जूनमधल्या एका रविवारी उपासनेआधी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. आज मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत विजयासाठी स्पष्ट शब्दांत मागणं करा, म्हणाले. पाळकसाहेबांनी मान हलवली. ती होकाराची होती की ऐकून घेतल्याची, यावर नंतर बराच वाद झाला. मध्यस्थीची वेळ आली. त्यांनी मंडळीतून फौजेत असलेल्या प्रत्येकाचं नाव घेतलं, दादाचंही घेतलं. पडलेल्यांच्या घरांसाठी प्रार्थना केली. आणि मग, आवाजात काही फरक न करता, वर शिखरांवर जी मुलं बसली आहेत, ज्यांना त्यांचं सरकार आपलं म्हणायला तयार नाही, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आयांसाठीही त्यांनी मागणं केलं. लढाई लवकर संपो, म्हणाले. विजयाचा उल्लेख आला नाही.

डोळे मिटलेले असतानाही चर्चमध्ये कोण कसं बसलंय ते कळतं. मागे एक बाक सरकला. कुणीतरी उठून बाहेर गेलं, त्यांच्या मागोमाग आणखी एकजण. आमेन निम्म्याच लोकांनी म्हटलं. माझ्या शेजारी आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तशीच बसून राहिली. घरी येईपर्यंत ती गप्प होती. चपला काढताना म्हणाली, "पाळकांचा मुलगा नाहीये ना तिथं."

या वाक्याला आजही माझ्याकडे उत्तर नाही. ते खरंच होतं.

बाबा मात्र त्या दुपारी जेवताना पाळकांच्या बाजूने बोलले. बाबांना मंडळीचा इतिहास फार आवडायचा, आणि शिक्षक असल्यामुळे तो ऐकवण्याचीही हौस होती. पहिल्या तीनशे वर्षांत पुष्कळ ख्रिस्ती शिक्षक सैन्यात जाण्याच्या विरुद्ध होते, हे त्यांनी सांगितलं. उत्तर आफ्रिकेत इ. स. २९५ मध्ये मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने ख्रिस्ताचा म्हणून रोमन सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि त्याचं शिर उडवलं गेलं. त्याच मुलखात पुढे शंभरेक वर्षांनी ऑगस्टिन हा बिशप सांगत होता की काही लढाया न्यायाच्या असतात, त्या टाळता येत नाहीत. पण शहाण्या माणसाला त्या कराव्या लागतात याचं दुःख झालं पाहिजे. ज्याला दुःख होत नाही त्याच्यात माणुसकी उरलेली नाही, असं त्याचं म्हणणं. तेराव्या शतकात थॉमस अक्विनसने न्याय्य लढाईच्या तीन अटी मांडल्या: लढाई पुकारणारी सत्ता वैध हवी, कारण न्याय्य हवं, आणि हेतू शुद्ध हवा.

"मग कारगिलचं काय?" मी विचारलं.

"पहिल्या दोन अटींत बसतं," बाबा म्हणाले. "आपल्या हद्दीत येऊन बसलेत ते. आपण नियंत्रण रेषा ओलांडत नाही, त्याची किंमत आपलीच मुलं मोजताहेत. तिसरीचं तू बघ. टीव्ही लाव आणि बघ."

त्यांनी हे सहज म्हटलं, पण माझ्या डोक्यात ते घर करून बसलं. तोवर मला वाटत होतं, प्रश्न दादाचा आहे. येशूच्या शिकवणीत आणि तोफेत मेळ घालायचा तो दादाने. त्याला तर शास्त्रातच आधार मिळतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावं म्हणून विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. लोकांना लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगितलं. कफर्णहूमच्या रोमन शताधिपतीच्या विश्वासाची येशूने वाखाणणी केली, तू आधी तलवार ठेव असं म्हटलं नाही. उलट बाजूचा आधारही आहेच. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसून एकाचा कान कापला, तेव्हा येशूने त्याला थांबवलं आणि तो कान बरा केला. शास्त्र उघडून एकच बाजू दाखवता येईल असं मला वाटत नाही, आणि जे दाखवतात ते पानं भराभर उलटतात असा माझा अनुभव आहे.

पण तिसरी अट ही घरात बसलेल्यांचीही परीक्षा आहे, हे त्या दुपारपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पाठिंबा द्यायला काही लागत नाही. ४ जुलैला टायगर हिल घेतल्याची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले, आमच्या मंडळीतल्या मुलांनीही वाजवले. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच संध्याकाळी एका ओळखीच्या घरी, वर किती मेले याचा हिशेब क्रिकेटच्या धावांसारखा चालला होता आणि आकडा वाढला की चहाबरोबर टाळी. ते घर रोज सकाळी शास्त्र वाचून दिवस सुरू करणारं होतं.

नगरमध्ये भक्ती आणि लढाईच्या अशा सरमिसळीचं आणखी एक जुनं उदाहरण आहे, तेही बाबांकडूनच कळलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मनांना धरून नगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं. त्यांत जर्मन मिशनरीही होते. म्हणजे एकाच गावात काटेरी तारेच्या आत जर्मन पाद्री उपासना चालवताहेत आणि तारेबाहेर इंग्रज पलटणीचा पाद्री. दोघांचं पवित्र शास्त्र एक, देव एक, आणि दोघांच्याही देशांतल्या चर्चमध्ये आपल्याच सैन्याच्या विजयासाठी प्रार्थना चाललेली. बाबा म्हणायचे, देवाला त्या काळात नगरला यायला संकोच वाटत असेल.

दादा सुट्टीवर आला तो पुढच्या हिवाळ्यात. वजन उतरलं होतं, ओठ फाटलेले, आणि डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं. त्यामुळे तो जरा मोठ्याने बोलायचा आणि गंभीर गोष्टही भांडल्यासारखी वाटायची.

त्याची तोफ बोफोर्स. १९८९ च्या निवडणुकीत जिच्या नावाने आम्ही घोषणा ऐकल्या तीच. तिची नालस्ती करणाऱ्यांना द्रासमध्ये आणून बसवलं पाहिजे, असं तो म्हणायचा. तिच्या खरेदीतल्या दलालीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. एक गोळा चाळीस किलोच्या वर. द्रासची उंची दहा हजार फुटांहून जास्त, तिथे नुसतं चालताना धाप लागते, आणि ही पोरं रात्रभर गोळे उचलत होती. समोरून पाकिस्तानच्याही तोफा महामार्गावर आग ओकत होत्या. आपली तोफ बोलली की तिची जागा कळते, मग थोड्या वेळात उत्तर येतं.

"तुला माणसं दिसतात का रे?" मी विचारलं.

"नाही. दिसतात ती वर असलेल्या ओपीला. ओपी म्हणजे आमचाच अफसर, पायदळाबरोबर पुढे गेलेला. तो वायरलेसवर आकडे सांगतो. लेफ्ट फिफ्टी, ॲड हंड्रेड. आपण आकडे लावायचे." मग थोडा थांबून म्हणाला, "टायगर हिलच्या वेळी मात्र डोंगर समोर दिसत होता. उघड्या डोळ्यांनी. गोळा पडायचा तिथे दगड उडताना दिसायचे. दगडच दिसायचे. बाकीचं आपण मनाने लावायचं, किंवा नाही लावायचं."

"तू काय करायचास?"

"त्या वेळी नाही लावायचो. पायदळाची पोरं त्या कड्यावर लोंबकळत होती. मी मनाने काही लावत बसलो असतो तर ती मेली असती."

त्याच्या वरच्या खिशात गिडियन्सचा छोटा नवा करार होता. तसल्या पुस्तकाने गोळी अडवल्याच्या गोष्टी मंडळीत सांगितल्या जातात. आईनेही त्याला तसं काही झालं का म्हणून विचारलं. तो हसला. "आई, तोफगोळ्याची कपची आली तर दोन्ही करार मिळूनसुद्धा अडवणार नाहीत." त्यांच्याकडे पंडितजी होते, मौलवी, ग्रंथी होते, पाद्री फार कमी पलटणींत असतो, त्यांच्याकडे नव्हता. दसऱ्याला तोफेला हार घालून हळदकुंकू वाहतात तेव्हा तू काय करतोस, असं मी पूर्वी विचारलं होतं. तोफखान्याला वेगळं निशाण नसतं, तोफ हेच निशाण, म्हणून मी सावधान उभा राहून तिला सलामी देतो, हे त्याचं उत्तर. मंडळीतल्या काहींना ते पटत नाही. मला पटतं.

लढाईबद्दल तो एकदाच मनापासून बोलला. शिखरं परत घेतल्यावर वर जी प्रेतं सापडली त्यांच्या खिशांत पे-बुकं होती. पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे शिपाई होते ते. पाकिस्तान म्हणत होतं, आमचे नाहीतच, म्हणून बहुतेक प्रेतं घ्यायलाही कुणी आलं नाही. मग आपल्याच मौलवींनी जनाज्याची नमाज पढून त्यांना दफन केलं. ज्या पोरांचे साथीदार त्याच चढावर पडले होते, त्याच पोरांनी दगडगोट्यांत खड्डे खणले. टायगर हिलवर पडलेल्या, कर्नल शेर खान असं नाव असलेल्या कॅप्टनचं प्रेत मात्र परत दिलं गेलं, आणि आपल्या ब्रिगेडियरने त्यांच्या शौर्याबद्दलची चिठ्ठी खिशात घालून पाठवली. त्यावरून पाकिस्तानने त्यांना सर्वोच्च पदक दिलं. दादाने हे सांगितलं तेव्हा आई तिथेच भाजी निवडत होती. पाळकांची ती प्रार्थना मी मुद्दाम काढली आणि त्याला सांगितली, लोक उठून गेले तेही सांगितलं.

"उठून कोण गेलं?" त्याने विचारलं. मी नावं सांगितली. "त्यांच्यापैकी कुणाच्या घरातलं कुणी आहे का फौजेत?"

नव्हतं. आई भाजी निवडत राहिली.

काही वर्षांनी पाळकसाहेब निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना विचारलं, त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली? त्यांनी मला फॉकलंडची हकिकत सांगितली. १९८२ मध्ये इंग्लंडने अर्जेंटिनाकडून ती बेटं परत घेतली. मग लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये मोठी उपासना झाली. तिथे कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी दोन्हीकडच्या मृतांची आणि त्यांच्या घरच्यांची आठवण केली. सरकार पक्षातले लोक भयंकर चिडले. विजयाची उपासना पाहिजे होती, हे काय भलतंच. गंमत अशी की रन्सी स्वतः दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या तुकडीत अधिकारी होते, लढाईतल्या धाडसाबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळालेला होता. "चिडणाऱ्यांत तसं पदक किती जणांकडे होतं कोण जाणे," पाळकसाहेब म्हणाले. भीतीबद्दल ते काही बोलले नाहीत.

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे, आणि ते कुणाला पटावं असा आग्रह नाही. ख्रिस्ती शिपाई बंदूक चालवूनही विश्वासात राहू शकतो. त्याच्यावर हुकमाचा, नियमांचा, शेजारच्या सोबत्याच्या जिवाचा लगाम असतो. घरात बसून पाठिंबा देणाऱ्यावर कसलाच लगाम नसतो. म्हणून विश्वासाला धोका शिपायापेक्षा आम्हाला जास्त आहे. त्यात आम्ही अल्पसंख्य. आमच्या पाठिंब्यात किती न्यायबुद्धी आणि किती शेजाऱ्याची भीती, हे आमचं आम्हालाच सांगता येत नाही. तोलोलिंग परत मिळावं असं मला मनापासून वाटत होतं. पण ते देवाकडे मागायला माझी जीभ वळत नाही.

दादा याला ढोंग म्हणतो. २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हत्याकांडानंतर ऑपरेशन सिंदूर झालं, तेव्हा चार रात्री आम्ही पुन्हा टीव्हीसमोर होतो. दादा आता निवृत्त आहे, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहे. त्या रविवारची मध्यस्थी माजी सैनिक म्हणून त्याच्याकडे आली. तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ फिरत होते, त्यांतले कितीतरी कुठल्या तरी गेममधून उचललेले. दादाने आदल्या संध्याकाळी प्रार्थना वहीत लिहून काढली आणि मला वाचायला दिली. सीमेवरच्या शिपायांसाठी होती, पहलगाममध्ये मारल्या गेलेल्यांच्या घरांसाठी होती, पलीकडच्या आयांसाठीही होती. शेवटी एक ओळ होती, आमच्या सैन्याला यश मिळू दे.

"ही ओळ काढ," मी म्हटलं.

"का? तुला नकोय यश?"

"हवंय. पण हे देवाला सांगायचं नसतं."

"मग देवाला काय सांगायचं असतं? जे आपल्याला नकोय ते?" त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा. "दोन्हीकडच्या आया सारख्या, हे मान्य. दोन्हीकडची बाजू सारखी नाही. तिथे पर्यटकांना नावं विचारून मारलंय. आयांच्या पदराआड ते झाकू नकोस. आणि मनात एक ठेवून देवापुढे दुसरं बोलायचं, हे मला जमत नाही."

वहिनीने मध्ये पडून चहा आणला, म्हणून तिथेच थांबलो. रविवारी त्याने वहीतली प्रार्थना जशीच्या तशी वाचली. या वेळी कुणी उठून गेलं नाही. पलीकडच्या आयांचा उल्लेख आला तेव्हा थोडी चुळबूळ झाली, पण तोफखान्याच्या सुभेदाराला कोण काय बोलणार. शेवटच्या ओळीला सगळ्यांनी जोरात आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. त्याचा उजवा कान चांगला आहे आणि मी त्याच बाजूला बसते, त्यामुळे ते त्याला कळलंच. बाहेर आल्यावर त्याने मला गाडीत बसताना विचारलं, पुढच्या वेळी तू लिहिणार का? मी हो म्हटलं आहे.